‘नको’ म्हणायला शिकलेली माणसं

लहानपणी कुणाच्या घरी जायचं म्हटलं की आईची ताकीद ठरलेली असायची. काही खायला पुढं केलं तर आधी ‘नको’ म्हणायचं. पुन्हा दिलं तरी ‘नको’. तिसऱ्यांदा आग्रह झाला की आईकडे बघायचं आणि तिनं मान हलवली तरच बशीतला एक लाडू उचलायचा. पोटात कितीही कावळे ओरडत असले तरी चुकूनही पहिल्याच वेळी हात पुढं जाता कामा नये. गेलाच, तर घरी आल्यावर ‘घरी खायला मिळत नाही का तुला?’ हे ठरलेलं.

माझ्या पिढीतली बहुतेक मराठी मुलं ही तालीम घेऊनच मोठी झाली. तिला आपण संस्कार म्हणतो. माझ्या मते तो अर्धाच संस्कार आहे. नाकारायचं कसं हे आपण मुलांना पढवतो, पण घ्यायचं कसं हे कुणीच शिकवत नाही. आणि हा घरातला प्रश्न घरातच राहत नाही. रेशनच्या रांगेत, पुराच्या छावणीत, शाळेच्या वर्गात, सरकारी योजनांच्या फलकांवर तो पुन्हा पुन्हा वर येतो.

उरलेला अर्धा धडा मला वडिलांकडून मिळाला. तोही नीट मिळाला नाही, पण मिळाला.

ते सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते. १९७२ च्या दुष्काळात ते विशी-पंचविशीत होते. त्यांनी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली होती, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली होती, दुष्काळात वाटल्या जाणाऱ्या सुकडीच्या पौष्टिक पिठासाठी ओळीत उभे राहिले होते. ते याबद्दल फारसं बोलत नसत. पण ताटात कुणी भाकरीचा तुकडा टाकला की त्यांचा चेहरा बदलायचा.

मी चौथीत असेन. एका दुपारी घरी एकटाच होतो. त्यांच्या वर्गातल्या एका मुलाची आजी दारात आली. त्या मातंग वस्तीवरच्या. फडक्यात ओल्या शेंगा बांधून आणल्या होत्या. ‘मास्तरला दी’ म्हणाल्या. मी शिकवल्याप्रमाणे म्हणालो, ‘नको.’ त्यांनी फडकं पुढं केलं. मी पुन्हा म्हणालो, ‘नको, आमच्यात आहेत शेंगा.’ तिसऱ्यांदा आग्रह होईल म्हणून थांबलो. तो झालाच नाही. त्या वळल्या आणि गेल्या.

संध्याकाळी मी हे वडिलांना जरा ऐटीतच सांगितलं. हावरटपणा केला नाही म्हणून शाबासकी मिळेल अशी अपेक्षा. त्यांनी विचारलं, ‘किती वेळा नको म्हणालास?’ मी म्हणालो, दोनदा. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तू शेंगांना नको म्हणालास. त्या बाईला काय ऐकू आलं असंल?’

मला प्रश्नच कळला नाही. आमच्या घरात आजीच्या काळापासून कोनाड्यात एक वेगळी कपबशी पालथी घातलेली असायची. ती वडिलांनी कधीतरी गुपचूप नाहीशी केली होती. ती कुणासाठी होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या बाईंना अर्थातच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मला वस्तीवर पाठवण्यात आलं. हुकूम असा, की शेंगा मागायच्या आणि पाणीही मागायचं. मी गेलो. त्या चुलीपुढं बसल्या होत्या. मी पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, ‘शेंगा सरल्या. पानी पे.’ तांब्या पुढं केला. मी प्यालो. फार काही माया वगैरे दाखवली नाही त्यांनी, आणि का दाखवावी? घरी आल्यावर वडिलांनी एवढंच विचारलं, ‘प्यालास?’ ‘हो.’ विषय संपला. पुढच्या सुगीच्या आत वडिलांची बदली झाली. त्या शेंगा मला काही मिळाल्या नाहीत.

आज चाळीस वर्षांनी त्या दोन ‘नको’कडे बघताना वाटतं, हा शब्द आपल्या समाजात कधीच साधा नव्हता. कुणाच्या हातचं घ्यायचं आणि कुणाच्या हातचं नाही, यावर तर इथली सगळी उतरंड रचलेली. देण्यावर जातीची फारशी हरकत नसायची. वरून टाकलेली भाकरी, अंगावरून उतरलेलं धोतर, लग्नातलं उरलेलं अन्न हे सगळं खाली जात राहायचं. हरकत होती ती खालून वर येणाऱ्या गोष्टीला, मग ते पाणी असो की चहाचा कप असो. ‘आम्ही कुणाच्या घरचं खात नाही’ हे वाक्य आपण निर्मोहीपणाचं म्हणून मिरवतो, पण त्याचा बराच मोठा इतिहास सोवळ्याचा आहे.

म्हणूनच शंभरेक वर्षांपूर्वी कोल्हापुरात घडलेली गोष्ट मला फार मोठी वाटते. गंगाराम कांबळे नावाचा माणूस संस्थानच्या पागेत कामाला होता. पाण्याला शिवला म्हणून त्याला मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण पुढं गंगारामला भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल काढून दिलं. तिथं लोक यायचे कसे? तर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवायचे, आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही तो घ्यायला लावायचे. भांडवल देणारे संस्थानिक बरेच झाले असतील. पण भांडवल देऊन राजा महालात बसला असता तर ते हॉटेल आठवड्यात बंद पडलं असतं. राजानं त्या कपाला ‘नको’ म्हटलं नाही, तो हातात घेतला, प्यायला, आणि त्याच घोटानं गंगाराम कांबळे ‘देणारा’ झाला. समाजसुधारणेच्या आपल्या हिशेबात देणग्यांच्या मोठ्या रकमा नोंदवल्या जातात. या कपाची नोंद त्यांच्या वर हवी.

यावर एक रास्त आक्षेप येईल. ज्यांना पिढ्यानपिढ्या फेकलेलं घ्यावं लागलं, त्यांना तुम्ही ‘आनंदानं घ्या’ असा उपदेश करणार का? मुळीच नाही. नाकारणं ही त्यांच्यासाठी मुक्तीची पहिली पायरी होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी लोकांना सांगितलं ते हेच, की मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळ्या-उष्ट्या तुकड्यांचा मोह सोडा. गावची भाकरी मागून आणण्याची ती रीत वरवर पाहता दयेची होती. प्रत्यक्षात तो वर्षभर राबल्याचा मोबदला होता, आणि तो भिकेच्या रूपात दारात उभं करून दिला जात होता. त्या भाकरीला ‘नको’ म्हणणं म्हणजे ‘माझं देणं मला देण्यासारखं दे’ असं म्हणणं होतं.

पण त्याच बाबासाहेबांचं आयुष्य नीट बघा. मॅट्रिक झाल्यावर १९०७ साली सत्काराच्या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हातात ठेवलं, आणि पुढं सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्यांची शिफारस पोचवली. १९१३ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. पुढं अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला परत जाताना नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले. ‘मूकनायक’ला शाहू महाराजांनी अडीच हजार दिले. यातलं काहीच त्यांनी संकोचानं परत ढकललं नाही. तुकडा नाकारणारा माणूस आणि शिष्यवृत्ती घेणारा माणूस एकच होता, आणि त्यात कसलाही विरोध नव्हता. तुकडा घेणाऱ्याला दारातच उभं ठेवत होता. शिष्यवृत्तीनं त्याला दाराच्या पलीकडे नेलं.

शिष्यवृत्तीला अट होती, परतल्यावर बडोद्याची नोकरी करण्याची. ती बाजूला ठेवून फक्त औदार्याचं कौतुक करणं मला पटत नाही. उलट मला वाटतं, उघड अट हे त्या मदतीचं बळ होतं. करारावर सही करणारे दोघे समोरासमोर बसलेले असतात. माणूस मिंधा होतो तो न सांगितलेल्या अटींमुळे. ‘तुझ्यासाठी एवढं केलं’ हे वाक्य ज्या मदतीत दहा वर्षांनी निघायचं असतं, ती मदत पहिल्या दिवसापासूनच विषारी असते. (बडोद्यात परतल्यावर बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना आणि कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकत, हा वेगळा आणि लाजिरवाणा अध्याय. तो देणाऱ्या राजापेक्षा भोवतालच्या समाजाच्या खात्यावर जातो.)

मिंधा हा शब्द आपल्या भाषेत किती जिवंत आहे बघा. मिंधा, ओशाळा, उपकाराखाली दबलेला, भीडेस्तव. घेणाऱ्याची मान खाली घालणारे शब्द आपल्याकडे डझनभर आहेत. आनंदानं, ताठ मानेनं घेणाऱ्याला काय म्हणायचं? मला एकही शब्द चटकन सुचत नाही. ‘फुकट्या’ मात्र लगेच सुचतो. उपकार झाला की त्यातून ‘उतराई’ व्हायचं असतं, म्हणजे जणू डोक्यावर बोजाच चढलेला. मग बोजा उतरवण्याची घाई. शेजारणीनं वाटीभर खीर दिली तर वाटी रिकामी परत करायची नाही, निदान साखर तरी घालायची. रीत सुंदर आहे, पण ती पाळताना मनात प्रेम असतं की हिशेब, हे ज्याचं त्यानं बघावं. माझ्या ओळखीच्या एका घरात ताट आलं त्याच संध्याकाळी परतफेडीचं ताट जातं. इतक्या तातडीनं, की शेजारीण आता द्यायचीच थांबली आहे.

लग्नातला आहेर हा तर वहीतला व्यवहारच. कुणी किती घातला ते लिहून ठेवायचं आणि त्यांच्या घरच्या कार्यात तेवढंच, जमल्यास थोडं जास्त. या वहीला कंटाळून पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापायची पद्धत आली. छापणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो, पाहुण्यांवर भार नको. पण माझ्या आत्यानं एकदा अशी पत्रिका हातात धरून विचारलं होतं, ‘म्हणजे मी नुसतं जेवून यायचं?’ घरच्या कापसाच्या वाती वळून, खणासोबत नवरीला द्यायचं तिनं ठरवलं होतं. पत्रिकेनं तिला निव्वळ जेवणारी करून टाकलं. ती गेली नाही लग्नाला. गुडघे दुखतात म्हणाली.

इथंच माझा मुख्य मुद्दा येतो. ‘मला कुणाचं काही नको’ असं म्हणणारा माणूस स्वतःला साधा समजतो. खरं तर तो सतत देणाऱ्याच्या पाटावर बसायला बघत असतो, कारण तो पाट उंच आहे. समोरच्याला तिथं बसू द्यायची त्याची तयारी नसते. ज्याला घेता येत नाही त्याला देताही नीट येत नाही, कारण घेणं कमीपणाचं आहे हे त्यानं मनाशी पक्कं केलेलं असतं, आणि देताना तो कमीपणा तो नकळत समोरच्याच्या हातात ठेवतो. सोबत फोटोही काढतो.

फोटोवरून आठवलं. आपल्याकडे सरकारही याच पाटावर बसलेलं असतं. २०१७ साली राज्यभर जाहिराती झळकत होत्या, ‘होय, मी लाभार्थी’. पक्ष कुठलाही असो, पद्धत तीच. शिध्याच्या पिशवीवर चेहरा, वह्यांच्या मुखपृष्ठावर चेहरा, सायकल वाटपाला मंडप. लोकांचाच कर, लोकांचंच धान्य, आणि लोकांनीच आभार मानायचे! गावच्या भाकरीची जी चाल होती तीच ही. हक्काची गोष्ट उपकाराच्या रूपात हातावर टेकवायची. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. कायद्यानं दिलेली गोष्ट घेताना कृतज्ञ व्हायची गरज नाही. ती पावती बघून, वजन तपासून, ताठ उभं राहून घ्यावी आणि कमी भरली तर भांडावं. मुलांना कृतज्ञता शिकवताना ही सीमारेषाही शिकवली पाहिजे, नाहीतर आपण फक्त चांगली प्रजा तयार करू.

याची दुसरी बाजू तितकीच वाईट. जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणींना महिन्याला १,५०० रुपये मिळू लागले आणि आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर ‘फुकट खायची सवय लावली’ अशी कुरकुर सुरू झाली. योजनेवर आर्थिक अंगानं टीका जरूर व्हावी. तिजोरीला हे परवडतं का, निवडणुकीच्या तोंडावरच का सुचलं, हे प्रश्न रास्तच आहेत. पण कट्ट्यावरचा सूर तिजोरीचा नव्हता, तो हातांबद्दल होता, घेणाऱ्या हातांबद्दल. बोलणाऱ्यांपैकी बरेच जण गृहकर्जाच्या व्याजावर आयकरात दोन लाखांपर्यंतची वजावट वर्षानुवर्षं घेत आले आहेत, कमी फीच्या सरकारी कॉलेजांत शिकून साहेब झाले आहेत. मीही त्यातलाच. आमचं घेणं कागदावर होतं, रांगेत नव्हतं, म्हणून ते घेणं वाटत नाही इतकंच.

घेणं अपमानाचं करायचं की नाही, हे बऱ्याचदा पद्धतीवर ठरतं. मी ज्या हायस्कुलात होतो तिथं सत्राच्या सुरुवातीला वर्गात सांगायचे, ‘ज्यांची फी माफ आहे त्यांनी उभं राहा.’ सहा-सात जण उभे राहायचे. मोजणी व्हायची, नावं लिहिली जायची, मग ‘बसा’. त्या दीड मिनिटात त्यांच्या कानशिलांचा रंग मला अजून आठवतो. त्यातल्या एकानं आठवीत शाळा सोडली. फीमुळे नव्हे, फी तर माफ होती.

याच्या उलट एसटीचं हाफ तिकीट बघा. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं भाडं. कंडक्टर विचारत नाही की तुझं उत्पन्न किती, दाखला आण. शेतमजूर बाईला हाफ, तिच्या शेजारी बसलेल्या प्राध्यापिकेलाही हाफ. कुणी उभं राहायचं नाही, कुणी मान खाली घालायची नाही. सुरुवातीला काही बायका पूर्ण पैसे काढून बसायच्या, मग हसून निम्मे परत पर्समध्ये ठेवायच्या. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तर २०२२ पासून तिकीटच नाही. गावाकडचे म्हातारे आधार कार्ड दाखवून अशा थाटात बसतात की एसटी जणू त्यांनीच सुरू केली. घेणं असं असावं. शाळेच्या पोषण आहाराचंही हेच आहे. १९९५ साली योजना आली तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. पुढं न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न आलं आणि सगळी पोरं एका पंगतीला बसू लागली. खिचडीत मीठ कमी-जास्त असतं हे मान्य, पण ‘गरजूंनी उभं राहा’ नसतं.

आता दयेबद्दल, खऱ्याखुऱ्या दयेबद्दल, जी कुठल्याच कायद्यात नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलाजवळ सत्तावन्न फुटांवर गेलं. आमचं तळमजल्याचं घर पाण्यात. आम्ही सहा दिवस मिरजेत एका घरी राहिलो. त्या घराशी आमची ओळख म्हणजे माझ्या सहकाऱ्याच्या मेहुणीचं ते सासर, एवढीच. पहिल्या दिवशी आईनं नीट काही खाल्लं नाही. भूक नाही म्हणाली. सगळं आयुष्य ‘नको’ म्हणण्यात गेलेली बाई. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून ती त्यांच्या मोरीत भांडी घासायला बसली. त्या घरच्या बाई धावत आल्या, हातातून काथ्या काढून घेतला, पाहुण्यांनी असं करायचं नाही म्हणाल्या. आई खोलीत येऊन रडली. घर बुडालं तेव्हा रडली नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्या बाईंनी काय केलं असेल? मेथीच्या चार जुड्या आणून आईपुढं टाकल्या आणि म्हणाल्या, ‘माझ्यानं एवढी निवडून होणार नाही हो.’ आई निवडायला बसली. दुपारी दोघी मिळून लसणाची फोडणी किती जळू द्यायची यावर वाद घालत होत्या. त्या दुपारी आई पोटभर जेवली. एकाच वेळी देणं आणि घ्यायला शिकवणं मी तिथं पाहिलं. बाईंना तिनं ‘थँक्यू’ कधीच म्हटलं नाही. आपल्याकडे जवळच्या माणसाला थँक्यू म्हटलं की ‘परकं करतोस का?’ असं विचारतात. जेवणाऱ्यानं दोनदा आमटी मागून घेतली की आभार पोचतात.

त्याच आठवड्यात बाहेर मात्र वेगळं दृश्य होतं. मदतीच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवलेले. आणि रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग, त्यात चेन तुटलेल्या पँटी, विरलेल्या साड्या. लोकांनी ते घेतले नाहीत म्हणून ‘माज आहे’ असंही कुणीतरी बोललं. पूरग्रस्तानं काय घ्यावं आणि काय सोडावं हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो, हे आपल्या डोक्यात शिरतच नाही. त्या साड्यांना ‘नको’ म्हणणं हाही शहाणपणाच होता.

घेणाऱ्याचा मान राखायची रीत आपल्याकडे नाही असं नाही. आषाढी वारीला आळंदीहून निघालेली पालखी गावात येते तेव्हा दारोदार भाकरी-पिठलं शिजतं. कुणी वारकऱ्यांचे पाय चोळतो, कुणी दाढी करून देतो, कुणी तुटलेली चप्पल शिवून देतो. आणि हे सगळं केल्यावर पाया कोण पडतं? देणारा. खाऊन, चोळून घेऊन, चप्पल शिवून घेऊन वारकरी ‘माउली’ म्हणतो, जमलं तर तोही वाकतो, आणि पुढं चालू लागतो. त्याला उतराई व्हायची घाई नसते. वर्षातले अठरा-वीस दिवस लाखो माणसं, त्यात घरी सालगडी ठेवणारे बागायतदारही आले, कुणाच्याही ओसरीवर झोपतात आणि कुणाच्याही हातचं खातात. हे वर्षभर का जमत नाही, हा प्रश्न मला दर आषाढात पडतो आणि दर श्रावणात मी तो विसरतो. वारीतही आता पाण्याच्या बाटल्यांवर चेहरे येऊ लागले आहेत, ते सोडा.

मुलांना मग सांगायचं तरी काय? अनोळखी माणसानं दिलेलं चॉकलेट घेऊ नको, हे सांगायचंच. तो सुरक्षेचा प्रश्न आहे, त्यावर वाद नाही. पण ओळखीच्या घरात, शेजारात, पाहुण्यांत पोराला तीनदा ‘नको’ म्हणायची कवायत कशाला? मी माझ्या मुलीला सांगितलं होतं, हवं असेल तर पहिल्यांदाच हो म्हण आणि आवडलं तर तिथंच सांग. ती लहानपणी एका घरी ‘तुमचा चिवडा आमच्या चिवड्यापेक्षा छान आहे’ असं माझ्या बायकोसमोर म्हणाली होती. त्याची किंमत मला दोन दिवस मोजावी लागली. पण त्या घरून पुढं चार वर्षं दिवाळीला तिच्या नावाचा वेगळा डबा यायचा. नको असेल तर ‘नको’ म्हणावं, पण ते एकदाच आणि खरं असावं. मोलकरणीनं गावाहून आणलेली चिंच, वॉचमननं दिलेला प्रसाद, वर्गमित्राच्या डब्यातला घास, यांना तर विशेष जपून. तिथं आपल्या ‘नको’चा आवाज आपल्याला वाटतो त्याहून मोठा असतो.

हे सगळं इतक्या ठामपणे लिहितो आहे, पण ज्यांनी मला तांब्याभर पाण्यासाठी वस्तीवर धाडलं, त्यांना स्वतःला हे जमलं का? शेवटच्या वर्षी वडिलांच्या खुब्याचं हाड मोडलं. मी सांगलीत, नोकरी, धावपळ. खालच्या मजल्यावरचा एक विशीतला मुलगा, ज्याचं गॅरेज आहे, तो रोज सकाळी येऊन त्यांना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायचा, संडासला न्यायचा. वडिलांना ते सहन व्हायचं नाही. तो यायच्या आत ते स्वतःच उठायचा प्रयत्न करायचे, एकदा पडलेही. त्याला पैसे देऊ करायचे. तो घ्यायचा नाही. मग त्याच्यावर चिडायचे, हात काळे आहेत म्हणून, उशीर झाला म्हणून. मी एकदा त्यांना शेंगांची आठवण करून दिली. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘शेंगा घेणं सोपं असतंय.’

बरोबर होतं त्यांचं. पदार्थ घेता येतो, पैसेही घेता येतात. आपलं जड, उघडं, नको त्या वेळी नको ते करणारं शरीर दुसऱ्याच्या हातात देणं हे घेण्यातलं सगळ्यात अवघड घेणं, आणि त्याची तालीम कुठल्याच घरात होत नाही. आपल्या घराघरांत म्हातारी माणसं ‘कुणाला त्रास नको’ म्हणत पडतात, हाडं मोडतात, औषध लपवतात, दुखणं सांगत नाहीत. त्यालाही आपण स्वाभिमान म्हणतो.

जायच्या महिनाभर आधीची गोष्ट असेल. मी रजा घेऊन घरी होतो. सकाळी तो मुलगा आला, हात साबणानं धुऊन पलंगाशी उभा राहिला. तो वाकायच्या आतच वडिलांनी दोन्ही हात वर केले, लहान पोर करतं तसे, आणि त्याच्या गळ्यात टाकले. त्यानं उचलायला जोर लावला तसे ते त्याच्या कानाशी म्हणाले, ‘गुडघ्यातनं वाक रे. पाठ धरंल तुझी.’